देव मानणं आणि देवाचं करणं

मला विषय दिला गेला तो 'आधुनिक जीवनातील श्रद्धा आणि अश्रद्धा यांचा संघर्ष' असा. एवढं मोठं काही तासाभरात पेलणार नाही, आणि खरं सांगायचं तर अशा शीर्षकाखाली माणूस काहीही बोलू शकतो. म्हणून मी तो लहान करून घेतलाय. आळंदीहून पंढरपूरला जाणारा जो रस्ता आहे, त्या रस्त्यावर काही अशी मराठी माणसं गेली ज्यांना देवाची खात्री नव्हती. ती गेली आणि त्यांनी लिहिलं. त्या लिखाणाबद्दल बोलू. एका सिनेमाबद्दलही बोलेन.

पण आधी एक घरगुती गोष्ट. मी कुठे उभा राहून बोलतोय ते तुम्हाला कळलेलं बरं. माझी आई चार वर्षांपूर्वी गेली. देवाचं तीच करायची. तेराव्याला पाहुणे पांगले आणि माझी बहीण म्हणाली, "दादा, आता देवाचं कोण करणार?" मी देव मानत नाही हे घरात सगळ्यांना चाळीस वर्षं माहीत आहे. बायकोने लग्नानंतर सासूबाईंच्या क्षेत्रात कधी लक्ष घातलं नाही. मुलगा परदेशात. शेवटी आम्ही बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक असं सगळं एका स्टीलच्या डब्यात तांदळात ठेवलं. आठ दिवस गावाला जायचं असलं की आई ठेवायची, तसंच. आता चार वर्षं झाली, आम्ही गावाला गेलेलो नाही. (हशा.)

हसा, पण बहिणीचा प्रश्न लक्षात ठेवा. तिने 'देवावर आता कोण विश्वास ठेवणार' असं विचारलं नाही. 'देवाचं कोण करणार' असं विचारलं. आपल्या भाषेत हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि माझ्या मते आपल्या समीक्षेने ते एक करून टाकले.

आणखी एक शब्द घ्या, 'मानणं'. आपण एकमेकांना विचारतो, "तुम्ही देव मानता का?" आणि हेच क्रियापद मानलेल्या बहिणीसाठीही वापरतो. मानलेली बहीण म्हणजे रक्ताची बहीण आहे असा कुणाचा दावा नसतो. राखी बांधली, दिवाळीत ओवाळणी घातली, तिच्या लग्नात धावपळ केली, की ती बहीण झाली. मानणं हे वागण्यातून सिद्ध होतं. बरं, 'श्राद्ध' हा शब्दच श्रद्धेवरून आलाय. आता श्राद्ध ही करायची गोष्ट आहे. पान वाढायचं, पिंड ठेवायचे, कावळ्याची वाट बघायची. कावळ्यावर तुमचा विश्वास आहे का, असं गुरुजी विचारत नाहीत.

मी आयुष्यभर महाविद्यालयात साहित्य शिकवलं. आमच्या पिढीने हा विषय इंग्रजी अभ्यासक्रमातून उचलला. मॅथ्यू आर्नल्डची 'डोव्हर बीच' १८६७ मध्ये प्रसिद्ध झाली. श्रद्धेचा समुद्र ओहोटीला लागलाय आणि किनाऱ्यावर उभा राहिलेला माणूस ते ऐकतोय, हे त्या कवितेतलं चित्र. कविता मोठी आहे, वादच नाही. पण त्यात एक गृहीत आहे. श्रद्धा ही मनात असते, एके दिवशी ती मनातून जाते, आणि मग माणूस एकटा पडतो. आम्ही तीच पट्टी घेऊन मराठी लेखकांकडे गेलो. हा आस्तिक, तो नास्तिक, हा मधला. प्रश्नपत्रिकेत दहा मार्कांचं उत्तर व्हायचं. त्या लेखकांनी जे लिहिलं होतं त्यातलं निम्मं या पट्टीत बसत नव्हतं, ते आम्ही शिकवलंच नाही.

आता रस्त्यावर येऊ. पहिल्या इरावती कर्वे. 'परिपूर्ती' हा त्यांचा लेखसंग्रह १९४९चा. त्यात 'वाटचाल' नावाचा लेख आहे. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक, जर्मनीत शिकलेल्या, कर्व्यांच्या घरातली सून. म्हणजे अण्णासाहेब कर्व्यांच्या. अशी बाई दिंडीबरोबर चालते आणि त्याबद्दल लिहिते. या लेखातलं एक विधान सगळ्यांना पाठ आहे. ज्या देशातले लोक पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, अशा अर्थाचं. भाषणांत, अग्रलेखांत, सरकारी जाहिरातींतसुद्धा ते फिरत असतं. मला त्याचा कंटाळा आलाय, विधानाचा नव्हे, फिरवण्याचा. कारण त्याच लेखात दुसरी एक गोष्ट आहे, ती कुणी सांगत नाही. एकाच दिंडीत ब्राह्मण बायकांचा स्वयंपाक वेगळा आणि मराठा बायकांचा वेगळा. दिवसभर एका तालावर चालायचं, अभंग एकच, आणि जेवायची वेळ झाली की दोन चुली. इरावतीबाईंना हे रोज टोचत राहतं. त्या पलीकडे जाऊन जेवतात, तेव्हा तिथल्या बायका मोकळ्या होतात, जवळ येतात.

आता हा लेख श्रद्धेबद्दल आहे की अश्रद्धेबद्दल? मी वर्गात हा प्रश्न विचारायचो आणि तो चुकीचा होता. बाईंना विठ्ठल खरा आहे की नाही याने रात्री झोप येत नाही असं लेखात कुठे नाही. टोचतं ते हे, की चालताना आपण एक असतो आणि पानावर बसताना नसतो. त्यांचा पेच देवाशी नाही, पंक्तीशी आहे. आणि तो पेच त्या विचार करून सोडवायला बसत नाहीत. उठतात आणि दुसऱ्या पंक्तीत जाऊन बसतात.

दुसरे दि. बा. मोकाशी. माझे आवडते, त्यामुळे इथे थोडा रेंगाळणार आहे. मोकाशी कथाकार, पण पोटापाण्याचा धंदा रेडिओ दुरुस्तीचा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला आवाज कुठून येतो ते माहीत असतं, तरी रात्री तो गाणी ऐकतोच. तर हा माणूस १९६१ साली ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालला आणि १९६४ साली त्याचं 'पालखी' हे पुस्तक आलं. सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. पुणं, दिवेघाट, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण असं करत वाखरीपर्यंत आणि मग पंढरपूर.

मोकाशी वारकरी म्हणून गेले नाहीत. माळ नाही, घरात वारीची परंपरा नाही. लेखक म्हणून गेले, कुतूहलाने. आणि पुस्तकभर ते लोकांकडे बघतात, लोकांशी बोलतात, तुम्ही का येता ते काढून घ्यायला बघतात. वाचणाऱ्याला वाटत राहतं की आता कुठेतरी यांना साक्षात्कार होणार. रिंगणात घोडा धावेल, लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतील, आणि आमचे मोकाशी विरघळतील. तसं होत नाही. ते भारावतात, कंटाळतात, परत भारावतात. मुक्कामाची जागा, जेवण, अंग टेकायला कोरडी जमीन, यात बराच वेळ जातो. माझ्या एका विद्यार्थ्याने वैतागून विचारलं होतं, "सर, शेवटी यांना देव मिळाला की नाही?" मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. आज मी म्हणेन, पुस्तक प्रामाणिक आहे ते याचसाठी. अडीचशे किलोमीटर चालून माणसाचं मत बदलतंच असं नाही. पण ज्याच्या शेजारून तो चालला त्या माणसाला 'अडाणी' म्हणण्याची सोय मात्र त्याच्याकडे राहत नाही.

मोकाशींचीच 'देव चालले' ही कादंबरी आहे, गावच्या घरातले देव हलवण्याची गोष्ट. माझ्या डब्यामुळे ती मला हल्ली जास्तच आठवते. पण आज वेळ नाही, त्यांच्या 'आमोद सुनांसि आले' या कथेकडे जातो. कारण तिच्यावरून सुमित्रा भावे यांनी 'दिठी' हा चित्रपट केला. तो २०२१च्या मे महिन्यात ओटीटीवर आला, आणि त्याच्या महिनाभर आधीच, एप्रिलमध्ये, सुमित्राताई गेल्या. तुमच्यातल्या अनेकांनी तो त्या भयंकर दिवसांत, घरात कोंडलेलं असताना पाहिला असेल. मीही तेव्हाच पाहिला.

रामजी हा लोहार. तीस वर्षांचा वारकरी. किशोर कदम यांनी केलाय. त्याचा तरुण मुलगा पाण्यात बुडून जातो. सून बाळंत होते, मुलगी होते, आणि त्याच्या दुःखाला रागाचं तोंड फुटतं. तीस वर्षं वारी केली त्याचं हे फळ का, हा त्याचा प्रश्न. बाहेर पाऊस लागलेला. गावातले त्याचे सोबती पोथीला बसलेत, ज्ञानेश्वरांचा 'अमृतानुभव' वाचताहेत. आणि पारुबाईची गाय अडते. अडलेली गाय सोडवण्यात रामजीचा हात. त्याला बोलावणं येतं.

इथे माझी समीक्षकाची तक्रार आणि कौतुक दोन्ही एकदमच आहेत. कौतुक याचं, की रामजीला कुणी तत्त्वज्ञान सांगून उठवू शकत नाही. सोबती बोलतात, पोथी आहे, शब्द सगळे बरोबर आहेत, पण ते त्याच्या कानावरून जातात. तो उठतो तो गाय अडलीये म्हणून. श्रद्धा परत आली आणि मग तो गेला, असा क्रम नाही. आधी हात कामाला लागले. मनाचं काय व्हायचं ते नंतर झालं. सुतक असो, राग असो, गाईच्या पोटात वासरू आडवं आलंय त्याला थांबता येत नाही. हे ज्याला लिहावंसं वाटलं त्या मोकाशींना आणि ज्यांना दाखवता आलं त्या सुमित्राताईंना माझा नमस्कार.

तक्रार अशी. वासरू बाहेर येतं आणि चित्रपट त्याला उत्तर मानतो. पाऊस, उजेड, संगीत, सगळं एका बाजूला झुकतं. जन्म झाला, म्हणजे मरणाचं उत्तर मिळालं. मला हे जरा लवकर वाटतं. ज्याचा मुलगा गेलाय त्याला वासराच्या जन्माने एक रात्र निभावता येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी भाता पेटवायला बसल्यावर समोर परत तोच प्रश्न असणार, आणि पुढच्या आषाढात पालखी निघेल तेव्हा रामजी जाईल का? मला ती पुढची आषाढी बघायची होती. चित्रपट तिथवर येत नाही. अर्थात हे एका हट्टी प्रेक्षकाचं मागणं झालं. आई गेल्यानंतर पाहिलेला सिनेमा, त्यामुळे माझ्या म्हणण्यातही थोडा राग मिसळलाय असं समजा.

आता गंमत बघा. ज्ञानेश्वरांची पालखी सासवडहून निघते ती जेजुरीला मुक्काम करते. मोकाशी पायी जेजुरीला पोचले. साधारण त्याच काळात, साठच्या दशकात, अरुण कोलटकर तिथे गेले. सोबत भाऊ मकरंद आणि मित्र मनोहर ओक. त्यातून 'जेजुरी' हा कवितासंग्रह झाला, इंग्रजीत, १९७६ साली, आणि पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुलाचं काव्यपारितोषिक मिळालं. मराठी 'जेजुरी' ग्रंथरूपाने आली ती कोलटकर गेल्यानंतर.

भालचंद्र नेमाड्यांनी या संग्रहावर टीका केली की हा कवी मुंबईहून सुट्टीच्या दिवशी पर्यटकासारखा येतो आणि जातो. या टीकेचा लोकांना राग येतो. मला वाटतं, नेमाडे अर्धे बरोबर आहेत. कोलटकर पर्यटक आहेतच. पण ते स्वतः ते लपवत नाहीत. पहिल्याच कवितेत एसटीत समोर एक म्हातारा बसलेला असतो, कपाळाला गंध लावलेला. कवी त्याच्या चष्म्यात स्वतःचंच तोंड बघतो, आणि गाडीतून उतरतो तेव्हा म्हाताऱ्याच्या डोक्यात मात्र आपण शिरलेलो नाही हे नोंदवून ठेवतो. एवढा हिशेब चोख असलेला पर्यटक मी दुसरा पाहिलेला नाही. पुढे मनोहर एक देऊळ समजून उघड्या दारातून डोकावतो तर आत वासरू, म्हणजे गोठा. मकरंदला आत जायचं तर सदरा काढायला लागणार, तो म्हणतो नको, मी बाहेर सिगरेट ओढत थांबतो. पडक्या मारुतीच्या देवळात कुत्रीने पिल्लं घातलीत आणि मारुतीची काही हरकत दिसत नाही.

या सगळ्या संग्रहात 'तुझा खरंच विश्वास आहे का' हा प्रश्न सरळ एकदाच येतो. पुजाऱ्याचा मुलगा पाहुण्यांना पाच टेकड्या दाखवतो, खंडोबाने मारलेले हे पाच दैत्य म्हणून. शाळेला सुट्टी असल्यामुळे पोरगा ही माहिती देतोय. त्याला विचारलं जातं, तुला हे खरं वाटतं का? पोरगा अवघडतो. उत्तर देत नाही. दुसरीकडे बघतो आणि गवतातलं फुलपाखरू दाखवतो. मला ही कविता फार मोठी वाटते, कारण त्यात प्रश्नच उघडा पडलाय, मुलगा नव्हे. तो मुलगा अंधश्रद्ध नाही आणि लबाडही नाही. टेकड्यांची गोष्ट सांगणं हे त्याच्या घराचं काम आहे. त्या कामाला शहरातून आलेल्या माणसाने सत्याच्या तराजूत घातलं, म्हणून तो अवघडला. आई देवाला नैवेद्य दाखवायची तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांचा असताना तिला विचारलं होतं, "देव खातो का गं?" ती म्हणाली, "पाट घे आणि बस जेवायला."

आणि ती म्हातारी. पन्नास पैसे मागत मागे लागणारी. तिला झटकून टाकायला म्हणून माणूस वळतो, आणि ती एवढंच म्हणते की या डोंगरात म्हाताऱ्या बाईने करायचं तरी काय. त्यानंतर कवितेत डोंगर तडकतात, देवळं तडकतात, आणि बघणारा माणूस तिच्या हातातल्या चिल्लरीएवढा होतो. इथे नेमाड्यांचं अर्धं चुकतं. पर्यटकाचं काही पणाला लागत नाही, पण इथे लागलंय, आणि ते देवामुळे नाही.

कोलटकरांना पुढे एका मुलाखतीत देवाबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी, तो प्रश्न मी तसाच सोडून देतो, त्यावर भूमिका घेतलीच पाहिजे असं मला वाटत नाही, अशा अर्थाचं उत्तर दिलं. मला हे उत्तर वर्षानुवर्षं फार आवडायचं. मी ते स्वतःसाठी वापरायचो. छान वाटतं ना? हो नाही, नाही नाही. पण इथे मला स्वतःलाच अडवायचंय.

प्रश्न सोडून द्यायची मुभा कुणाला असते? ज्याच्यासाठी देवळाचं दार उघडंच होतं त्याला. मी आत जात नाही, ही माझी निवड. याच पंढरपुरात चोखामेळ्याची समाधी महाद्वाराशी आहे, बाहेर. मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. म्हणजे माझ्या वडिलांच्या हयातीतली गोष्ट. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली 'मूकनायक' काढलं तेव्हा त्याच्या शिरावर तुकारामांचा अभंग होता, 'बहिष्कृत भारत'वर ज्ञानेश्वरांच्या ओव्या होत्या. १९३५ साली येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. आणि १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही अशी. बघा, 'मानणार नाही.' परत तेच क्रियापद. तिथे अश्रद्धा ही कुणाच्या मनातली ओहोटी नव्हती. लाखो लोकांनी उभं राहून, तोंडाने उच्चारून केलेली ती कृती होती. तीही करायचीच गोष्ट होती, वारीसारखी. त्या माणसांना 'मी हा प्रश्न तसाच सोडून देतो' असं म्हणणं परवडलं नसतं.

म्हणून मोकाशी आणि कोलटकर वाचताना मला आता तळटीप जोडावीशी वाटते. त्यांचं न ठरवणं सुंदर आहे, पण ते पाटावर बसलेल्या माणसाचं न ठरवणं आहे. इरावतीबाईंना हे निदान जेवणाच्या वेळी जाणवलं. त्यामुळे तिघांत मी 'वाटचाल' वरचढ मानतो, जरी 'पालखी'वर माझं प्रेम जास्त असलं तरी. आणि तेही मर्यादेतच म्हणतो, कारण चुली दोनच होत्या असं नाही. दिंडीच्या बाहेर तिसरी होती.

वेळ संपत आलीये. एखादा प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून: सर, मग डब्यातल्या देवांचं काय करणार?)

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. (हशा.) बहीण म्हणते विसर्जन करा. एक मित्र म्हणाला, जुना टाक आहे, जपून ठेव, किंमत येईल. त्याच्याशी मी आठ दिवस बोललो नाही, का ते मला सांगता यायचं नाही. तांदळाला पोरकिडे होतात, त्यामुळे दर दिवाळीला डबा उघडून तांदूळ बदलावे लागतात, एवढं मी करतो. गेल्या दिवाळीत खंडोबाचा टाक काळा पडलेला दिसला, म्हणून रांगोळीने घासला. बायको बघत होती. म्हणाली, "अहो, घासलाच आहे तर भंडारा तरी लावा." घरात भंडारा नव्हता. स्वयंपाकघरातली हळद लावली आणि झाकण बसवलं.